धार्मिक स्वरूप न देता

आमच्या सोसायटीच्या इतिवृत्तात गेल्या वर्षी एक वाक्य नोंदलं गेलं : ‘नाताळ सण धार्मिक स्वरूप न देता उत्साहात साजरा करण्यात यावा.’ ठराव बहुमताने मंजूर. सूचक आणि अनुमोदक दोघेही माझे मित्र, दोघेही हिंदू आणि दोघेही मनाने भले. त्याआधी पाऊण तास सभा चांगलीच तापली होती. एका सभासदाने विचारलं होतं, गेटवर झाड आणि चांदणी लावायची ती कशासाठी? सण परदेशातला, खर्च सोसायटीच्या निधीतून, त्यापेक्षा २५ डिसेंबरला तुळशीपूजन ठेवू. त्यावर माझे मित्र उसळून उठले. ‘अहो, नाताळ आता धार्मिक राहिलाय कुठे? पोराटोरांची मजा आहे. केक खायचा, लाल टोपी घालायची. त्यात धर्म कशाला आणता?’ टाळ्या पडल्या. मी वसईचा, पिढीजात कॅथलिक, तिसऱ्या रांगेत बसलो होतो. टाळ्या मीही वाजवल्या. जिना चढताना मात्र चुकचुकल्यासारखं झालं. विरोध करणाऱ्याने निदान हा माझा सण आहे एवढं तरी धरून चाललं होतं. बाजू घेणाऱ्यांनी तो माझ्या हातातून अलगद काढून घेतला आणि आतलं सगळं ओतून रिकामा परत दिला.

दर डिसेंबरात हा वाद असाच होतो आणि असाच फसतो. दोन्ही पक्ष बोलतात ते मॉलमधल्या ख्रिसमसबद्दल. एक म्हणतो, परका आहे म्हणून नको. दुसरा म्हणतो, निरुपद्रवी आहे म्हणून असू दे. माझं म्हणणं दोघांच्याही उलट आहे. नाताळात जे काही या मातीचं आहे ते धर्मापोटी आलेलं आहे, आणि जे उपरं आहे ते धर्म वजा केल्यावर उरणारं आहे. ‘धार्मिक स्वरूप न देता’ नाताळ करायचा ठरवला की हाती लागतं ते निव्वळ विलायती. पटत नसेल तर आमचं गेट बघा. सूचिपर्णी वृक्षाची प्लास्टिकची नक्कल, तिच्या फांद्यांवर औषधाच्या दुकानातून आणलेल्या कापसाचं बर्फ, आणि खाली घाम पुसत बसलेला वॉचमन. शेजारी एक छोटी गव्हाणी, म्हणजे येशूजन्माचा गोठा, मांडू का, असं मी विचारलं होतं. सचिव संकोचून म्हणाले, ‘सर, ती नको. तिने धार्मिक स्वरूप येईल.’

आता माझ्या आईच्या घरची गव्हाणी सांगतो. आई अजून गावातल्या जुन्या घरात राहते, मागे केळी, पुढे अंगणात क्रूस, पलीकडे अर्धं बुजलेलं बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं तळं. आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांतला, तिसरा रविवार आला की ती पितळी परातीत माती पसरते आणि रात्रभर भिजवलेली नाचणी पेरते. गहू चालत नाही, नाचणीच हवी. नाताळपर्यंत परातीत बोटभर उंचीची हिरवळ उठते. तेच बेथलेहेमचं शेत. गोठ्यावर भाताचा पेंढा. मेंढपाळांपैकी एकाचा हात माझ्या लहानपणी मोडला, तो तेव्हापासून काडेपेटीच्या काडीवर तोललेला आहे. बाळ येशूची मूर्ती तेवढी गोठ्यात नसते. ती स्टीलच्या डब्यात, जुन्या लुगड्याच्या लाल फडक्यात गुंडाळलेली, मध्यरात्रीच्या मिस्सेहून, म्हणजे चर्चमधल्या उपासनेहून, परत येईपर्यंत तशीच असते. लहानपणी आम्ही चोरून डबा उघडला तर आजी ओरडायची : अजून जन्मला नाही, वाट बघा. माझी बहीण लग्न होऊन नाशिकला गेली. तिच्या सासूबाई पहिल्यांदा आमच्याकडे आल्या तेव्हा परातीसमोर थबकल्या आणि म्हणाल्या, ‘अगं बाई, हे तर घट बसवलेत की!’ आईने विचारलं, ‘तुमच्याकडे कधी बसतात?’ ‘नवरात्रात.’ ‘आमचे थोडे उशिरा,’ आई म्हणाली.

ही परात कुठून आली? पोर्तुगालहून गलबतात भरून नक्कीच नाही. कुणा बाईला देवाच्या जन्मासाठी काही हिरवं उगवावंसं वाटलं, आणि तिच्या हाताला जे ठाऊक होतं ते तिने केलं. आधी देवाबद्दलची ओढ, मग परात. ओढ काढा, परात कोण पेरणार? सजावटीसाठी कुणी दहा दिवस नाचणीला पाणी घालत नाही. त्यासाठी बाजारात हिरवा गालिचा मिळतो, आमच्या गेटवर तो अंथरलेलाच होता. आणि असं घरचं रूप देण्याची रीत गोठ्याच्या परंपरेतच आहे. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात गव्हाण आहे, बैल आणि गाढव नाहीत. १२२३ साली इटलीतल्या ग्रेचो गावी असिसीच्या संत फ्रान्सिसने डोंगरातल्या गुहेत गवत पसरून खराखुरा बैल आणि खरंखुरं गाढव आणून उभं केलं, कारण समोरच्या शेतकऱ्यांना तो प्रसंग आपल्या गोठ्यात घडल्यासारखा दिसायला हवा होता. आईची नाचणी त्याच रांगेतली.

विरोधकांचे मुद्दे मात्र हसून सोडण्यासारखे नाहीत. आमची माणसं ते तसे सोडतात, म्हणूनच वाद पुढे सरकत नाही. सगळ्यात जड मुद्दा इतिहासाचा. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि त्यांच्यामागून क्रूस आला, तो तलवारीच्या आणि राजसत्तेच्या सावलीत आला. देवळं पाडली गेली. धर्मांतरं झाली ती सगळी प्रवचन ऐकून झाली असं म्हणणारा एकतर भाबडा किंवा लबाड. माझ्या कुठल्या पूर्वजाने बाप्तिस्मा श्रद्धेने घेतला, कुणी भीतीने, कुणी जमिनीसाठी, मला कळायचा मार्ग नाही. ‘नाताळ’ हा शब्दसुद्धा पोर्तुगीज. यावर आमच्याकडचा ठरलेला प्रतिवाद म्हणजे पाव, बटाटा, पगार, चावी, हापूस हे शब्दही तिथूनच आले. मला तो कधीच पुरेसा वाटला नाही. बटाटा घेणं आणि देव घेणं यात फरक आहे. बटाट्याने कुणाचं देऊळ पाडलं नाही.

पण मग पुढचा इतिहासही पुरता वाचायला हवा. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. पोर्तुगीज गेले. ख्रिस्ती राहिले. पाठीशी ना तलवार, ना व्हाइसरॉय, वर राज्य पेशव्यांचं. ज्यांना केवळ भीतीने क्रूस धरावा लागला होता त्यांना तो ठेवून द्यायला याहून बरी वेळ कोणती? आमच्या खापरपणज्यांनी तो ठेवला नाही. पोर्तुगिजांच्या सावलीत वसईचा नाताळ साधारण दोनशे वर्षं होता, त्यांच्याविना तो पावणेतीनशेहून अधिक वर्षं आहे. सुरुवात कशी झाली यावरून एखाद्या गोष्टीची मालकी कायमची ठरत असेल, तर पोर्तुगिजांविना गेलेल्या या वर्षांचं काय करायचं? ती कुठल्या खात्यावर मांडायची?

आणि इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा करणारं चर्चचं न्यायासन. हा शब्द माझ्या तोंडावर फेकला जातो तेव्हा मला गंमत वाटते, कारण गोव्याच्या त्या न्यायासनाची पकड मुख्यतः कुणावर होती? बाप्तिस्मा घेतलेल्यांवर. इन्क्विझिशन १५६० साली बसलं आणि त्याचं एक मोठं गिऱ्हाईक म्हणजे नुकताच ख्रिस्ती झालेला, पण जुन्या सवयी न सुटलेला इथला माणूस. १७३६ च्या त्याच्या फर्मानाने ख्रिस्त्यांना काय काय मना केलं ते बघावं : लग्नातली हळद, विडा-सुपारी, लग्नातली गाणी, धोतर, चोळी, आणि हो, घरची तुळससुद्धा. ख्रिस्ती आहेस तर अंगणात तुळस कशी, असं ते विचारत होते. आज मला विचारतात, इथला आहेस तर २५ डिसेंबरला तुळस का नाही. रोप तेच, परीक्षक बदलला. दोघांचं गृहीतकही एकच आहे : श्रद्धा बदलली की माणसाचं अख्खं अंगण बदललं पाहिजे, भाषा, हळद, गाणी, सगळं. आमच्याकडे आजही लग्नात हळद लागते आणि बायका गाणी म्हणतात. फर्मानाच्या नाकावर टिच्चून ते कुणी टिकवलं? ख्रिस्ती बायकांनीच. आईच्या अंगणातला क्रूस चौथऱ्यावर उभा आहे, चौथऱ्याला दिव्यासाठी कोनाडा आहे. लांबून येणारा पाहुणा आधी त्याला वृंदावनच समजतो.

तुळशीपूजनाबद्दल माझी तक्रार एवढीच की तुळशीला रोज पाणी घालणारी माझी शेजारीण २५ डिसेंबरची वाट बघत नाही. तिचं तुळशीचं लग्न कार्तिकात होऊन गेलेलं असतं, ऊस आणि आवळे-चिंचांसकट. तुळशीला कुणाच्या तरी विरोधात उभं करणं हा तुळशीचाच अपमान आहे असं ती मला म्हणाली. सभेत मात्र ती बोलली नाही. २५ तारखेला महाराष्ट्राने वेगळं काही स्मरायचंच असेल तर त्याला आधार आहे : १९२७ साली याच दिवशी महाडला डॉ. आंबेडकरांच्या पुढाकाराने मनुस्मृतीचं दहन झालं. तो दिवस नाताळाशी भांडत नाही, कारण तो नाताळाला उत्तर म्हणून जन्मलेला नाही.

दुसरा मुद्दा निधीचा आणि शाळांचा, आणि तिथे मी विरोध करणाऱ्या सभासदाच्या बाजूने आहे. सगळ्यांच्या वर्गणीतून माझी चांदणी लागावी असा आग्रह मी धरणार नाही. ती माझ्या गॅलरीत, माझ्या विजेवर लागते, तशीच बरी. लहान मुलांना पालकांना न विचारता मेंढपाळ किंवा देवदूत करून रंगमंचावर चढवणं हेही मला पसंत नाही. माझ्या लेकाला शाळेत न विचारता कुठल्या पूजेला बसवलं असतं तर मला चाललं असतं का? मग उलटही चालू नये. पण हा प्रश्न संमतीचा आहे, सण देशी की परदेशी याचा नाही. तो त्या जागी ठेवला तर दहा मिनिटांत सुटतो. देशी-परदेशीच्या घाण्याला जुंपला की पिढ्यानपिढ्या फिरत बसतो.

आता माझ्या मित्रांकडे वळतो, कारण खरं भांडण त्यांच्याशी आहे. त्यांचा युक्तिवाद वरवर उदार आहे : सणातून धर्म वगळा, म्हणजे तो सगळ्यांचा होईल. या वगळण्याची सवय आपल्याला किती अंगवळणी पडली आहे हे मला २०१९ साली कळलं. धाराशिवच्या, तेव्हाच्या उस्मानाबादच्या, साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून फादर फ्रान्सिस दिब्रिटो निवडले गेले आणि एका धर्मगुरूला हे पद कसं, म्हणून विरोध झाला. त्यांची बाजू घेणारे माझ्या ओळखीतले किती तरी जण तेव्हा म्हणाले, ‘ते फादर असले तरी आधी मराठी लेखक आहेत.’ असले तरी! ज्या माणसाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो मराठीत बायबल आणल्याबद्दल, त्याचं लेखकपण त्याच्या फादरपणातून सोलून बाहेर काढायचं म्हणजे काय करायचं? ‘फादर आहेत म्हणून मराठी लेखक आहेत’ असं म्हणायला कुणाची जीभ रेटली नाही. ज्ञानेश्वरांबद्दल कुणी म्हणतं का, की ते भक्त असले तरी कवी चांगले होते?

याचं मूळ उदाहरण चारशे वर्षं जुनं आहे. थॉमस स्टीफन्स हा जेझुइट संघाचा इंग्रज धर्मप्रचारक १५७९ साली गोव्यात उतरला आणि १६१६ साली त्याचं ख्रिस्तपुराण छापून निघालं. हजारो ओव्या. स्वर्गाला तो वैकुंठ म्हणतो. मराठीची त्याने गायलेली थोरवी आपण भाषणांत हौसेने वापरतो, मराठी भाषा दिनाला तर हमखास. मात्र ती थोरवी ज्या ग्रंथात आहे तो येशूची कथा सांगणारा आहे हे आवरतं घेतो, म्हणजे इथेही धार्मिक स्वरूप न देता. त्याने ओवी उचलली ती भाषेच्या हौसेने नव्हे. नवख्रिस्ती माणूस पुराण ऐकायला आसुसलेला होता, त्याच्या कानाला ओवीच ओळखीची होती. गोव्याच्या पोर्तुगीज राज्यकर्त्यांनी पुढे १६८४ साली हुकूम काढला की रयतेने तीन वर्षांत आपली बोली टाकून पोर्तुगीज बोलावं. भाषा इथल्या लोकांच्या तोंडी राहिली आणि देवळात अन् घरात जिथे जिथे ती प्रार्थनेची झाली तिथे ती अधिकच घट्ट धरली गेली. माझ्या आजीने उभ्या आयुष्यात बहुतेक मिस्सा लॅटिनमध्ये ऐकल्या, अर्थ न कळता. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर साठच्या दशकात वेदीवर मराठी आली तेव्हा ती पहिल्यांदा म्हणाली म्हणे, ‘देवाला आता आमचं समजायला लागलं.’ घरी जपमाळ मात्र ती आधीपासूनच आपल्या बोलीत करत होती. देवाला आधीही समजत होतंच, पण आजीशी वाद कोण घालणार?

मित्र यावर म्हणतील, मान्य, पण आजचं काय? सांता, सेल, पार्ट्या, ऑफिसातली भेटवस्तूंची लॉटरी. बाजाराने सण गिळलाय हे तुम्हीच म्हणता, मग आम्ही धार्मिक नाही म्हटलं तर चूक काय? चूक अशी की हाच निकष तुम्ही इतर कुणाला लावत नाही. १८९३ नंतर गणपती चौकात आला, त्याच्याभोवती मंडप, वर्गणी, जाहिराती आणि डीजे आले. म्हणून दीड दिवसाच्या घरगुती गणपतीपुढे डोळे मिटून उभ्या राहिलेल्या माणसाला कुणी सांगतं का, की आता हे धार्मिक राहिलं नाही, मोदक खा आणि मजा करा? बाजार सगळ्याच सणांच्या दारात उभा असतो. तो दारात उभा आहे म्हणून घरात कुणी राहत नाही असं ठरवायचं कारण नाही.

आमच्या घरात या काळात काय चाललेलं असतं ते सांगितलं तर मुद्दा लवकर कळेल. माझ्या काकांची फुलशेती आहे. चाफा, तगर, जास्वंद पहाटे दादरच्या बाजारात जातं. मार्गशीर्षातले चार-पाच गुरुवार म्हणजे त्यांच्या कमाईचे दिवस, आणि बहुतेक वर्षी ते नेमके आगमनकाळातच पडतात. गुरुवारच्या फुलांसाठी काका तीनला उठतात, रविवारी चर्चमध्ये आगमनाच्या चक्रातली एकेक मेणबत्ती पेटताना पुढच्या बाकावर असतात : तीन जांभळ्या, एक गुलाबी. हिंदू पंचांग त्यांना माझ्या कुठल्याही हिंदू मित्रापेक्षा पक्कं पाठ आहे. आगमनकाळ हा मौजेचा नव्हे, आवरण्याचा काळ : फादरांपुढे पापांचा कबुलीजबाब द्यायचा, भांडण असेल तर मिटवायचं, सहसा लग्नं ठेवायची नाहीत. चातुर्मास ठाऊक असलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. केकवाल्या ख्रिसमसला मात्र हा काळच नको असतो. तो नोव्हेंबरातच सुरू होतो आणि नाताळच्या सकाळी, आमचा जेमतेम सुरू होतो तेव्हा, संपलेला असतो.

याच तव्यावर आमच्यातल्या कट्टर मंडळींचीही भाकरी उलटून घ्यायला हवी. वर्षातून एकदा मिस्सेला येणाऱ्यांना ढोंगी ठरवणारा एक वर्ग आमच्यात आहे. माझा मुलगा पुण्यात नोकरीला आहे, त्याचा देवावर विश्वास नाही असं तो नीट, न चिडता सांगतो. पण २३ तारखेला घरी येतो, माळ्यावरची चांदणी उतरवतो, तिच्या बांबूच्या कामट्या तपासतो, नवा पतंगी कागद चिकटवतो, आणि रात्री आजीला हाताला धरून मिस्सेला नेतो. हे ढोंग? मला माहीत नाही त्याच्या आत काय चालतं, आणि बापाला ते माहीत असायलाच हवं असंही नाही. शुद्धीचा अतिरेक कुठे जातो याला दाखले आहेत. सतराव्या शतकात इंग्लंडच्या प्युरिटन या कर्मठ ख्रिस्त्यांनी, ज्यांना बायबल तोंडपाठ होतं त्यांनी, ग्रंथात २५ डिसेंबर कुठे लिहिलाय असं विचारून १६४७ साली संसदेकरवी नाताळच रद्द करवला. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६५९ पासून नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता, तो १६८१ पर्यंत टिकला. तारखेबद्दल ते चूक नव्हते, ग्रंथात ती नाहीच. तरीही ज्यांनी दंड भरून किंवा चोरून नाताळ केला, त्यांच्यामुळे तो उरला. श्रद्धा पुष्कळदा अशीच उरते, अर्धवट विश्वास असलेल्यांच्या हातून. कुणीतरी चांदणी उतरवायला लागतो.

इतकं बोलल्यावर माझ्याच म्हणण्याला जिथे खरी अडचण येते तो प्रसंग लपवणं बरं नव्हे. धर्मासकट सण वाटून घ्यायचा म्हटलं की एक उंबरठा येतो. तीन वर्षांपूर्वी बहिणीच्या सासूबाई, आम्ही त्यांना काकू म्हणतो, नाताळच्या रात्री आमच्याबरोबर मिस्सेला आल्या. आमच्याकडे मध्यरात्रीची मिस्सा हल्ली रात्री दहालाच असते. पटांगणात खुर्च्या, दव पडलेलं, काकूंनी पैठणी नेसलेली आणि डोक्याला मफलर. गाणी मराठी, वाचनं मराठी, त्या मन लावून ऐकत होत्या. मग ख्रिस्तप्रसादाची रांग लागली आणि त्या उठून रांगेत उभ्या राहिल्या. बहीण पुढे गेलेली. मी दोन माणसं मागे. फादर ‘ख्रिस्ताचं शरीर’ म्हणत एकेकाला देत होते. पाच-सहा जण उरले तेव्हा मी त्यांच्या कोपराला हात लावला आणि शक्य तितक्या हळू म्हणालो, ‘काकू, हे तुम्हांला घेता येणार नाही.’ हळू म्हटलेलं अशा वेळी सगळ्यांना ऐकू जातं. त्या एकदम बाजूला झाल्या, पदर सावरला, जागेवर जाऊन बसल्या. उरलेली मिस्सा मी काय ऐकली ते मला आठवत नाही.

घरी बाळाची मूर्ती गोठ्यात ठेवून झाली, नेवऱ्या आणि कुलकुल समोर आले, तरी काकू गप्पच होत्या. शेवटी मीच विषय काढला. त्या म्हणाल्या, ‘तुम्ही त्याला प्रसाद म्हणता, म्हणून मी उठले. प्रसादाला नाही म्हणतात का कुठे?’ बरोबर होतं त्यांचं. शब्द आमचा, चूकही आमची. मी समजावू लागलो की आमच्यासाठी ती भाकर म्हणजे प्रत्यक्ष ख्रिस्त, तिला आधी तयारी लागते, कॅथलिकांनाही मनावर मोठं पाप असताना ती घेता येत नाही. बोलता बोलता माझ्याच कानाला ते सारवासारवीसारखं वाटत होतं. काकूंनी हात वर करून मला थांबवलं. ‘कळलं. आमच्याकडे कुळाचाराचा नैवेद्य भाऊबंदांपलीकडे जात नाही. माझं लग्न झालं त्या वर्षी माझी आई घरात पाहुणी होती, सासूबाईंनी तिलासुद्धा दिला नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पण त्यांना दुष्ट नाही म्हणणार मी. त्यांचं ते होतं.’ मग आईकडे वळून म्हणाल्या, ‘नेवरीला असं काही नाही ना?’ आईने अख्खा डबाच त्यांच्यापुढे सरकवला. करंजीत आणि हिच्यात फरक काय यावर दोघींचं एक वाजेपर्यंत चाललं. फरक सापडला नाही.

सोसायटीतले माझे मित्र हा प्रसंग ऐकतील तर म्हणतील, बघा, धर्म आणला की माणसं दुखावतात, म्हणून तर वगळा म्हणतो. दुखावली, हे खरंच आहे, आणि ते मला अजून बोचतं. पण ज्या बाईला मी रांगेतून बाजूला काढलं ती माझ्या घरात कोण आहे हे त्या रात्रीनंतर मला जास्त कळलं. आमच्या गेटवरच्या झाडाभोवती मोबाइलवर फोटो काढणाऱ्या शंभर जणांत अशी एकही ओळख झालेली नाही. तिथे दुखावण्यासारखंच काही नाही, कारण कुणाचं काही पणालाच लागलेलं नाही. काकूंना आमचा देव आमचा आहे हे कळलं, कारण त्यांच्याकडे त्यांचा आहे.

पुढच्या वेळी नाशिकला गेलो तेव्हा काकू मला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळापाशी घेऊन गेल्या. १७४७ साली बांधलेलं शिवाचं देऊळ, आणि तिथली ती मोठी घंटा, वसईच्या विजयाची निशाणी म्हणून ओळखली जाणारी. चिमाजी अप्पांच्या विजयानंतर आमच्याकडच्या चर्चमधल्या घंटा अशा देशभर पांगल्या, भीमाशंकरला एक आहे, वाईजवळ मेणवलीला एक आहे. मेणवलीच्या घंटेवर तर बाळ येशूला घेतलेली मरिया आहे आणि ती शंकराच्या देवळाबाहेर टांगलेली आहे. माझ्या मनात काय आलं ते खरं सांगायचं तर आधी थोडी कळ आली. लुटीचा माल शेवटी लुटीचा माल. काकू म्हणाल्या, ‘तुमची घंटा. सांभाळलीय हो आम्ही.’ यात टोमणा किती आणि माया किती, मला अजून ठरवता आलेलं नाही. दोन्ही असावं.

यंदा सभेची नोटीस आली आहे. मी जाणार नाही असं नाही, पण गेटबद्दल काही मागणारही नाही. इतिवृत्तातलं ते वाक्य तेवढं बदला म्हणेन : ‘धार्मिक स्वरूप न देता’ खोडा, किंवा मग ‘नाताळ’ हा शब्द खोडा आणि ‘वर्षअखेरीचा कार्यक्रम’ लिहा. दोन्ही मला चालेल. गव्हाणी आमच्या जिन्याच्या वळणावर, माझ्या दाराबाहेर असेल. ज्याला थांबायचं तो थांबेल.

परवा काकूंचा फोन आला होता. नातीने हट्ट धरलाय, नाशिकच्या घरी देव्हाऱ्याच्या खाली, पाटावर, आईच्या माहेरासारखी हिरवी परात हवी. नाचणी किती वेळ भिजवायची आणि नाही मिळाली तर गहू चालेल का, असं त्या विचारत होत्या. मी फोन आईकडे दिला.

‘रात्रभर भिजवा,’ आई म्हणाली, ‘आणि पहिले दोन दिवस झाकून ठेवा. गहू नका घेऊ. भराभर वाढतो आणि नाताळच्या आधीच आडवा पडतो.’